गुरुवारी गेलेला आवाज

आमच्या पट्ट्यात गुरुवारी लाईट जाते. भोसरी घ्या, चिंचवड घ्या, चाकण घ्या, गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते आणि तेवढं साधून वीजवाले तारा दुरुस्तीला काढतात. बायका बुधवारीच वाटण वाटून ठेवतात, टाकी भरून ठेवतात, गिरणीवाला आदल्या दिवशीच दळण मागून घेतो. शेंबड्या पोराला विचारलंत तरी सांगेल. माझ्या साडूला मात्र हे माहीत नव्हतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मूळचा लातूरकडचा. हिंजवडीत कॉम्प्युटरची नोकरी, वाकडला फ्लॅट. त्याच्या सोसायटीचा जनरेटर इतका तत्पर की लाईट गेल्याचं पंख्यालासुद्धा कळत नाही. मी त्याच्यावर जळतो. आताच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तुम्हाला उगाच शोधत बसायला नको. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण तो चांगला आहे. भेटला की वाकून नमस्कार करतो, मला दादा म्हणतो, आणि त्यानं माझं डोकं आणखीच फिरतं.

मी महाळुंग्याजवळ गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की मला हाक येते. सासुरवाडी कंपनीच्या गेटपासून जवळच. त्यामुळं लग्न झाल्यापासून त्या घरातलं काहीही बिघडलं की मीच. विहिरीची मोटर जळली, मी. गिझर बंद, मी. गोठ्यातला बल्ब गेला, तोही मीच. सासऱ्यांना मी मामा म्हणतो, सासूबाईंना मामी.

मामा चाकणच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारायचे. ढिगामागून ढीग चालत जायचे, मागं व्यापाऱ्यांचा घोळका, आणि भाव चढत चढत थांबला की मामा टाळी वाजवायचे. टाळी पडली की सौदा झाला, मग मागं फिरायची कुणाची टाप नव्हती. आवाज असा की बाजाराच्या त्या टोकाला ट्रकमध्ये झोपलेला ड्रायव्हर उठून बसायचा. घरी आले तरी तोच आवाज. मीठ मागितलं तरी शेजारच्यांना कळायचं की आज आमटी अळणी आहे.

मग घशाचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं. मामा वाचले, आवाज गेला. कुजबुजसुद्धा उरली नाही. गळ्यापाशी आता एक छिद्र आहे, त्यावर ते पांढरा रुमाल बांधतात आणि काही सांगायचं असलं की माझ्या पोरांच्या जुन्या पाटीवर लिहितात.

आता माझं दुखणं ऐका. धाकटे जावई आले की मामा ती पाटी मांडीवर घेतात, ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसतात आणि वळणदार अक्षरात लिहितात, ‘आपण कधी निघालात?’ ‘आपण चहा घ्यावा.’ आपण! आणि मला? मला टाळी. ओसरीवरून एक टाळी वाजते आणि मी समजायचं की मोटर बघायची आहे. हमालाला बोलवावं तशी. आवाज होता तेव्हा ‘अरे, ए, इकडं ये रं’ होतं, आवाज गेल्यावर टाळी आली. अरे, थोरला जावई मी! अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला आम्ही दोघं शेजारी बसलो, तर त्याच्या पाटाभोवती रांगोळी, आणि माझ्या पाटाला टेकून मिक्सर ठेवलेला, जेवून झालं की बघायला. त्याला चहा कपबशीतून येतो. मला स्टीलच्या पेल्यातून, तोही उभ्या उभ्या.

हे मी बायकोला बोलून दाखवलं, तर ती हसून हसून लोळायची बाकी राहिली.

“तुम्हाला पण पाटी पाहिजे का?” ती म्हणाली. “अंगणवाडीतून आणून देते एक.”

“हस, हस. तुझ्या बापाला माझी काडीची किंमत नाही.”

“किंमत नसती तर घरातलं सगळं तुमच्या हातात दिलं असतं का हो?”

बायकांना हे असलं काही सांगण्यात अर्थ नसतो.

तर, मेहुणीला मुलगी झाली. बाळंतपण माहेरीच, आणि रविवारी बारसं ठरलं. मामींच्या मनात आलं की पाळण्यापाशी मामांचा आवाज वाजवायचा. माझ्या पोरांनी आजोबांचा आवाज ऐकलाय, त्यांच्या खांद्यावर बसून बाजार बघितलाय. ही नात मात्र त्यांचं ऑपरेशन झाल्यावर जन्मलेली. तिनं तो कधी ऐकायचा?

आवाज होता एकाच ठिकाणी. मामा धडधाकट असताना मी एकदा बाजारात उभं राहून मोबाईलवर त्यांचा लिलाव रेकॉर्ड केला होता. कशासाठी? असंच. ऐकायला आवडायचं म्हणून. ती फाईल मी सासुरवाडीच्या कॉम्प्युटरवर टाकून ठेवली, आणि पुढं तो मोबाईल एक्स्चेंजमध्ये गेला. तेव्हा कुणाला काय ठाऊक होतं! ऑपरेशननंतर बायकोनं एकदा ते रेकॉर्डिंग लावलं, तर मामा उठून गोठ्यात गेले ते थेट जेवायलाच आले. त्यानंतर कुणाची लावायची हिंमत झाली नाही. या वेळी मामींनी आधी विचारलं. मामा बराच वेळ कोरी पाटीच पुसत बसले आणि मग त्यांनी लिहिलं, ‘लावा.’

आता मला सांगा, रेकॉर्डिंग माझं. कॉम्प्युटरची धूळ पुसणारा मी. हे काम कुणाला सांगायला हवं होतं? मामींनी सांगितलं धाकट्या जावयांना. तो बुधवारी मुक्कामाला आला होता आणि गुरुवारी तिथूनच लॅपटॉपवर नोकरी करणार होता. मामी त्याला म्हणाल्या, “ह्यांचं बाजारातलं समदं त्यातनं काढा न् ह्या पेनड्राइव्हात टाका.”

गुरुवारी दुपारी मी घरी उशी घेऊन आडवा झालो होतो. बायको बारशाच्या तयारीला आधीच माहेरी गेलेली. फोन वाजला, मामी होत्या.

“अरं, त्यो कंप्युटर काय बोलंना. लाईट आल्याधरनं जावईबापू त्याच्याशी झटत्यात. येतो का रं?”

ऐकलंत? तो झटतो तर ‘जावईबापू झटत्यात’. मी यायचं तर ‘येतो का रं’. पण खरं सांगू? बनियनवर शर्ट चढवताना मी शीळ घालत होतो. जावईबापूंना जमलं नव्हतं!

पोचलो तेव्हा मामा ओसरीवर खुर्चीत होते. त्यांनी मला बघितलं, मानेनंच आत जा म्हणून सांगितलं. मधल्या खोलीत साडू फरशीवर मांडी घालून बसलेला, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. समोर तो कॉम्प्युटर, मेहुणीच्या बारावीच्या वेळी घेतलेला, आता पिवळा पडलेला. त्याच्यावरचं भरतकामाचं आच्छादन घडी घालून बाजूला ठेवलं होतं. घडी मात्र अगदी नीट. तो आहेच तसा.

“बरं झालं आलात दादा,” तो म्हणाला. “काहीच करंना बघा हे. मी सगळं बघितलो.”

“झालं काय नेमकं?”

“सकाळी फाईली पेनड्राइव्हात टाकायलो होतो. निम्म्यात लाईट गेली. दुपारी आली, तवापासून हे असं.”

“आज वार कोणता?”

“गुरुवार.”

“मग?”

त्याला काही कळेना. तो माझ्याकडं बघत राहिला. माझी बायको दारात उभी होती, तिनं डोळे वटारले. मी मनातल्या मनातच म्हटलं, हिंजवडीला वार नसतात वाटतं.

मी बटण दाबलं. पंखा घुरघुरला, हिरवा दिवा लागला, स्क्रीन काळा झाला आणि वरच्या कोपऱ्यात एक बारीक पांढरी रेघ लुकलुकायला लागली. बस, एवढंच. कीबोर्डवर काहीही दाबा, ढिम्म. बंद करून परत लावला, परत तीच रेघ.

“रॅम,” मी छातीठोक म्हणालो. जुन्या कॉम्प्युटरचं हे पहिलं औषध. झाकण उघडायचं, रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवायचं आणि परत बसवायची.

“दादा, स्क्रीनवर रेघ दिसायलीय म्हणजे रॅम ठीक असंल बहुतेक,” तो हळूच म्हणाला.

“खोडरबर आण,” मी बायकोला म्हणालो.

रॅम ठीकच होती. मी ती पुसली, फुंकली, बसवली, आणि ती रेघ आपली होती तिथंच. त्यानं ‘म्हणालो नव्हतो का’ म्हटलं असतं तर मी भांडलो तरी असतो. तो माझ्यासाठी मोबाईलचा उजेड धरून उभा राहिला. मला तो उजेडसुद्धा सहन होईना.

मग मी कंपनीतली पद्धत धरली. मशीन कशानं अडलंय हे कळत नसलं की त्याला लटकलेलं सगळं सोडवायचं, ते एकटं चालतं का बघायचं, आणि मग एकेक परत जोडायचं. माऊस काढला. कीबोर्ड काढला. प्रिंटर तर कधीच मेलेला, त्याची वायर तेवढी लोंबत होती, ती काढली. टेबल पुढं ओढून मागं हात घातला तर बोटाला काहीतरी लागलं. पेनड्राइव्ह! पुढची भोकं बिघडलेली म्हणून त्यानं तो मागच्या बाजूला लावला होता आणि गडबडीत विसरला होता. चालू होताना कॉम्प्युटर आपली स्वतःची डिस्क सोडून आधी त्या पेनड्राइव्हकडं बघत होता, आणि त्यात त्याला काही कळण्यासारखं मिळत नव्हतं. मग बसलाय वाट बघत.

मी तो उपटला आणि बटण दाबलं. काळा स्क्रीन गेला, निळा आला, डिस्क तपासतोय म्हणून आकडे पळायला लागले.

“वा दादा!” साडू ओरडला. मनापासून ओरडला हो. बाळ दचकून रडायला लागलं आणि आतून मेहुणी कावली.

मी ओसरीकडं बघितलं. मामा बघत होते. म्हटलं, बघा, नीट बघा. लिहा आता पाटीवर काय लिहायचं ते.

कॉम्प्युटर सुरू झाला. मी ऐटीत खुर्ची ओढली, बाजाराचं फोल्डर उघडलं. आत काहीच नव्हतं.

परत उघडलं. काहीच नव्हतं. पेनड्राइव्ह त्याच्या लॅपटॉपला लावला तर लॅपटॉप म्हणतो, वाचता येत नाही, फॉरमॅट करा.

“कॉपीच केलं होतंस ना?” मी विचारलं.

त्याचं तोंड उतरलं. “कट केलतो.”

“कट? का?”

“मामी म्हणाल्या, त्यातनं काढा आणि ह्यात टाका. मी काढलो आणि टाकलो.”

कपाळावर हात मारला मी. इथं ‘फोटो काढून दे’, ‘गाणी काढून दे’ असं कुणी म्हटलं की त्याचा अर्थ मूळचं तिथंच राहू दे, मला एक उतरवून दे, एवढाच असतो. मामींना काय, आयुष्यभर त्यांनी डब्यातलं काढून पातेल्यात टाकलं, त्या तसंच बोलणार. ह्या शहाण्यानं मात्र शब्दाला शब्द धरून आज्ञा पाळली. इथून आवाज निघाला, वाटेत लाईट गेली, तिथं पोचलाच नाही.

आणि काय सांगू, त्या घडीला मला पोटातून गुदगुल्या झाल्या. सापडला! एकदाचा सापडला! आता कळू दे सगळ्यांना, जावईबापूंनी काय करून ठेवलंय ते.

तेवढ्यात मागं खुर्ची करकरली. मामा आत आले होते. त्यांनी मोकळ्या फोल्डरकडं बघितलं, आमच्या दोघांच्या तोंडांकडं बघितलं. त्यांना सांगावं लागलं नाही. मामी पदर तोंडाला लावून उभ्या. मामांनी पाटी घेतली, फडक्यानं पुसली, तशी नेहमीसारखीच पुसली, आणि साडूसमोर धरली. ‘असू द्या. आपण जेवून घ्या.’

मग ते गोठ्याकडं गेले.

माझी गुदगुली कुठल्या कुठं गेली. अंगाची नुसती आग झाली. माणसाचा आवाज दुसऱ्यांदा गेला, तो घालवणारा समोर बसलाय, तरी अजून आपण? आणि मी मेहनत करून हात काळे करून घेतले, माझ्याकडं नजरसुद्धा नाही?

“मला विचारायचं होतंस!” मी ओरडलो. “एक फोन करायचा होतास! ती फाईल माझी होती, मी उभा होतो तिथं कांद्याच्या धुळीत! तुम्हाला सगळं येतं ना हिंजवडीवाल्यांना? मग आण आता परत!”

बायको म्हणाली, “अहो, हळू.” मी कसला हळू!

साडूचे डोळे भरले होते. त्यानं मनगटानं नाक पुसलं आणि म्हणाला, “दादा, आधी हे बंद करा. लगेच. आता ह्याच्यात काही म्हणजे काही साठवायचं नाही.”

“का?”

“कट केलं म्हणून मूळचं लगेच पुसलं जात नसतंय. नुसतं नाव जातंय. त्या जागेवर दुसरं काही येऊन बसलं नाही तवर ते तिथंच असतंय. जेवढं कमी चालवू तेवढं बरं.”

एवढं तो म्हणाला आणि माझा राग कुठं ठेवावा हेच मला कळेना. कारण त्याला येत होतं. मला येत नव्हतं. मी झाकण उघडून हार्ड डिस्कचे स्क्रू काढले, त्यानं ती अलगद हातात घेतली आणि बॅगेतून एक वायर काढून लॅपटॉपला जोडली. त्याच्या बॅगेत नाही असं काही नसतंच. मग त्यानं गेलेल्या फाईली शोधणारा प्रोग्राम लावला आणि आम्ही वाट बघत बसलो. मामींनी चहा आणला. त्याला कप, मला पेला. बघितलं मी.

ऊन ओसरीवरून उतरलं तेव्हा यादी आली. भली मोठी यादी, आणि एकाही फाईलला नाव नाही. नुसते आकडे. इतक्या वर्षांत त्या घरानं जे जे पुसलं होतं ते सगळं वर आलेलं. आता एकेक लावून ऐकायचं. बाळ झोपलेलं, म्हणून इअरफोनचं एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या. ज्याच्या शेजारी बसायला नको वाटतं त्याच्या डोक्याला डोकं लावून मी बसलो.

काय काय निघालं त्यातून! इंग्रजी बोलायला शिकवणारी एक बाई. कुणाच्या तरी हळदीतली गाणी. यात्रेतला ढणढणाट. मेहुणी बारावीत असताना रसायनशास्त्र घोकतेय आणि मध्येच कुणाला तरी शिव्या घालतेय. साडू ते ऐकून हसायला लागला, मीही हसलो, आणि मग आपण हसतोय हे लक्षात आल्यावर थांबलो.

मग एक फाईल खरखरली. सुरुवातीचा तुकडा गेलाच होता. ट्रकचा हॉर्न, माणसांचा गलका, आणि एकदम तो आवाज.

“बोला व्यापारी, बोला! उन्हाळ माल हाय, हात घालून बघा, तळापातुर एकसारखा! आरं, लांबून काय बघताय, पोरगी बघायला आलाय व्हय? पुढं या!”

मामांचा आवाज कसा होता ते मी विसरलो होतो, राव. रेकॉर्डिंग आहे, आहे म्हणत विसरलो होतो. भाव चढत गेला, थांबला, टाळी पडली. लोक पुढच्या ढिगाकडं सरकल्याचा आवाज आला. आणि मग जवळून, मोबाईलच्या अगदी जवळून, मामा म्हणाले, “अरे, आजून धरलंय व्हय त्ये? बंद कर. हात दुखंल तुझा. चल, च्या पिऊ.”

तिथं रेकॉर्डिंग संपलं.

साडूनं ते मागं घेतलं आणि शेवटचं तेवढं परत लावलं. मग परत. तिसऱ्यांदा लावल्यावर मी इअरफोन काढला.

“पुरे की आता. मिळालं ना?”

“मी पहिल्यांदाच ऐकायलोय,” तो म्हणाला.

आणि मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. याचं लग्न ऑपरेशननंतरचं. यानं मामांना बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. एवढी साधी गोष्ट, मी कधी मनात आणली नव्हती.

“तुम्हाला अरे म्हणायचे?” त्यानं विचारलं.

“अरे, ए, काय वाट्टेल ते म्हणायचे. आता टाळी वाजवतात.”

“मला पाटीवर आपण लिहितात.” तो वायर गुंडाळत होता. “बँकेतून पत्र आल्यासारखं वाटतंय, दादा. तुम्ही आलात की ते पाटी बाजूला ठेवून देतात. टाळी वाजवली की तुम्हाला बरोबर कळतंय, मोटर का गोठा का पाणी. मला काहीच कळत नाही. मी आलो की ते आखडून बसतात. लई जळतो मी तुमच्यावर, खरं सांगतो.”

जळायचं काम माझं होतं, त्यातही हा वाटेकरी निघाला.

मामींनी गोठ्यात जाऊन मामांना सांगितलं, मिळालं म्हणून. त्यांनी मान हलवली आणि म्हशीपुढं वैरण टाकत राहिले. ऐकायला आले नाहीत.

रविवारी बारसं झालं. माणसं दाटली होती. पाळणा म्हणून झाला, आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, पाठीत धपाटे खाल्ले, घुगऱ्या वाटल्या. मग साडूनं स्पीकर पाळण्याजवळ ठेवला. मामा खुर्चीत होते, नवा फेटा, गळ्याला धुतलेला रुमाल. मी त्यांच्या पायांकडं बघत होतो, उठतात की काय म्हणून.

“बोला व्यापारी, बोला!”

बाजारातले दोन म्हातारे आले होते, त्यांनी टोप्या काढून हातात घेतल्या. बाळ डोळे उघडून स्पीकरच्या दिशेनं बघायला लागलं. मामा उठले नाहीत. त्यांचे ओठ आवाजाबरोबर हलत होते, एकेक शब्दाला. भाव थांबला आणि रेकॉर्डिंगमधली टाळी पडली तेव्हा मांडीवरचे त्यांचे हात तेवढे उचलले गेले.

आणि शेवटचं ते आलं. अरे, आजून धरलंय व्हय. हात दुखंल तुझा. बायका डोळे पुसत पुसत हसल्या. माझी बायको माझ्याकडं बघायला लागली, तिला नजर द्यायला मला धीर झाला नाही. खरं सांगायचं तर छाती फुगली होती माझी. अख्ख्या गोतावळ्यासमोर मामा मला अरे म्हणाले होते.

“बघा,” साडू हसत म्हणाला, पण हसू काही नीट जमलं नाही त्याला. “मला नाही कधी म्हणाले असं.”

ते मामांनी ऐकलं. त्यांनी त्याच्याकडं बघितलं, चांगलं बराच वेळ बघितलं. मग त्यांनी टाळी वाजवली.

मी सवयीनं उठलोच. “आलो मामा.”

मामांनी मान हलवून नाही म्हटलं आणि बोट दाखवलं साडूकडं. मग अंगठा ओठांना लावला. पाणी.

तो असा धडपडत उठला की घुगऱ्यांचं ताट लवंडलं. स्वयंपाकघर कुठल्या बाजूला हेसुद्धा विसरला, आधी न्हाणीकडं पळाला, तिथून वळून आत गेला, आणि तांब्या घेऊन येताना त्याचं तोंड जे काही फुललं होतं ते मला आजही बघवत नाही. “हे घ्या मामा, हे घ्या.” मामांनी पाणी पिऊन तांब्या त्याच्या हातात परत दिला, नुसता, काही न लिहिता.

मी तिथंच मध्ये उभा होतो. मामांनी मला बघितलं. खुर्चीखालून पाटी काढली, फडक्यानं स्वच्छ पुसली, वळणदार अक्षरात लिहिलं आणि माझ्यासमोर धरली.

‘आपण बसा.’

त्यांची मिशी हलत होती. ते हसत होते की काय होतं, मला नीट दिसलं नाही.

मी बसलो. बायको कानाशी येऊन म्हणाली, मिळाली की हो पाटी, आता का तोंड पाडलंय? मी म्हटलं, काही नाही. तेवढ्यात मामांची परत टाळी वाजली आणि साडू पळाला.

ती टाळी माझी होती, राव.